हसरीची पोथी

मला मनातल्या मनात वाचता येत नाही. ओठ हलल्याशिवाय अक्षर आत जातच नाही. चौथीत बाई म्हणायच्या, मोठ्यानं वाचा, आणि आम्ही सगळी पोरं एका सुरात ओरडून वाचायचो. मनात कसं वाचायचं ते बहुतेक पाचवीत शिकवत असतील. पाचवीची शाळा दुसऱ्या गावात होती आणि आमची मेंढरं तिसऱ्याच गावाच्या माळावर, म्हणून ते माझं राहून गेलं. त्यानंतर मी जे वाचलं ते एसटीच्या पाट्या, मेंढरांच्या औषधाच्या बाटल्या आणि लग्नपत्रिका. तेवढं मोठ्यानं वाचलं तरी कुणाला त्रास नव्हता.

त्रास झाला तो ताईच्या पुस्तकानं.

ताई म्हणजे फोनमधली ताई. ती माझ्या नात्यातली नाही आणि मी या जगात आहे हेसुद्धा तिला माहीत नाही. चुलीपुढं बसून ती भाकरी थापते आणि थापता थापता बोलत राहते. सांगायला घेते वांग्याची भाजी, मध्येच तिला आठवतं की एकदा तिचा नवरा तिच्या नव्या चपला घालून बाजारला गेला होता, आणि मग वांगं राहतं बाजूला. प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला ती पदर खोचते, आपल्याकडं बघते आणि म्हणते, "काय गं बायांनो, भूक लागली का?" मी दर वेळी पुटपुटायचे, "लागली." जेवून उठलेली असले तरी.

आणि तिचं हसणं. आधी आवाजच येत नाही, नुसते खांदे हलतात. आपल्याला वाटतं हिला ठसका लागला. मग एकदम कुणी मांडणीवरची भांडी पाडावीत तसं ती हसते. तिचं ऐकून मी हसायचे, आणि मी हसते आहे हे बघून मलाच नवल वाटायचं. कारण मी तशी बाई नाही. दुकानात मीठ मागायचं असलं तर बाकीची गिऱ्हाइकं जाईपर्यंत मी थांबते. एसटीत तिकीट जाऊबाई काढतात. लग्नात नाव घ्यायला लावलं तेव्हा मी रडायला लागले, आणि पाहुण्यांना वाटलं माहेर सुटलं म्हणून रडते. बिचाऱ्यांनी माझी समजूत काढली.

माझ्या सासूबाईंना, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, ही ताई अजिबात आवडत नव्हती. त्यांनी तिला नीट बघितलंसुद्धा नव्हतं, फोनकडं बघितलं की डोळ्यांतून पाणी येतं म्हणायच्या. पण कान तिखट. त्यांनी तिचं नाव ठेवलं होतं हसरी.

"भूक लागली का म्हनं. इचारती रोज, देती का खायाला कदी?"

एकदा भाकरी करताना मी फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला होता. ताई बहिणीच्या हळदीची गोष्ट सांगत होती. तव्यावरची भाकरी करपून कोळसा झाली, आणि माझ्या पाठीमागं शेळीनं परातीतला मळलेला गोळा चाटूनपुसून संपवला. मी हसतच होते. वर बघितलं तर दारात आत्याबाई.

"शेळीचं पोट भरलं," त्या म्हणाल्या. "आता मानसांनी काय फोन खायाचा?"

मी फोन पालथा घातला. आतून हसण्याचा आवाज येतच होता.

"ती हसरी या घरात पुन्यांदा नको. बाईमानसानं दात मोजून घ्या म्हनल्यासारखं हसायचं आस्तंय का?"

तसा फोन मालकांचा. मेंढरं माळावर घेऊन जाताना ते तो सकाळीच सोबत नेऊ लागले. ताई बंद झाली. मला घर इतकं शांत वाटायला लागलं की मी चुलीलाच विचारायचे, भूक लागली का.

श्रावणात माझ्या बहिणीची मुलगी आली. ती अंबाजोगाईला नर्सिंग शिकते. आल्या आल्या मला ओढून घरामागं घेऊन गेली.

"मावशे, डोळे मीट. हात पुढं कर."

हातात जड काहीतरी आलं. उघडून बघते तर पुस्तक, आणि पुस्तकावर ताई! पदर खोचलेली, तोंड उघडून हसणारी. मी पुस्तक पटकन पालथं घातलं, जसा फोन पालथा घातला होता.

"तिनं सोताचं आयुष्य लिवलंय," भाची म्हणाली. "फोन गेला तं काय झालं, तुझी ताई कागदावर आली."

मी काय केलं ते लिहायलासुद्धा लाज वाटते. मी पुस्तकाचा वास घेतला. मग गोल फिरले. मग भाचीला घट्ट धरलं, मग तिला सोडून परत पुस्तक धरलं. भाची म्हणत होती, "मावशे, वाचायचं आस्तंय ते, हुंगायचं न्हाई." तिनं त्याला शाळेच्या पुस्तकासारखं खाकी कव्हर घालून दिलं, म्हणजे ताईचे दात झाकले जातील. आणि दुसऱ्या दिवशी ती नेकनूरच्या गाडीनं परत अंबाजोगाईला गेली.

आता मला एकच गोष्ट हवी होती. ते पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचं. मी आजवर एकही पुस्तक शेवटापर्यंत वाचलेलं नव्हतं. चौथीच्या पुस्तकाचेसुद्धा शेवटचे धडे राहिले, कारण मेंढरं निघाली. आणि हे हसरीचं पुस्तक आहे असं आत्याबाईंना कळलं की ते चुलीत जाणार, यात मला शंका नव्हती. म्हणजे गुपचूप वाचायला हवं. आणि मला तर गुपचूप वाचताच येत नाही!

मग मला कोकरं आठवली. मोठी मेंढरं माळावर गेली की दूधपिती कोकरं घरामागच्या वाडग्यात, काटेरी कुंपणाच्या आत, राहतात, आणि ती बघायचं काम माझं. दुपारी तिकडं कुणी येत नाही. आमच्या घरात तोवर एकच पुस्तक होतं, देवळीतली पोथी, आणि ती लाल फडक्यात बांधलेली असते. पुस्तक ठेवायची रीत हीच, असं माझ्या डोक्यात बसलेलं. म्हणून ताईचं पुस्तकही मी एका लाल खणात बांधलं. वाडग्यात चिखल होता म्हणून पाट नेला. ऊन लागत होतं म्हणून पदर डोक्यावरून पुढं ओढला. आणि एकेक अक्षरावर बोट ठेवून वाचायला लागले. कोकरं भोवती गोळा झाली. एक तर पदर चघळत ऐकत होतं.

दोन पानंसुद्धा झाली नसतील, मागून आवाज आला.

"धाकटे, काय चाललंय गं?"

आत्याबाई! मी वळले. त्यांनी लाल खण बघितला. पाट बघितला. डोक्यावरचा पदर बघितला. माझ्या वाचण्याचा सूर तर त्यांना लांबूनच ऐकू आला होता. आणि त्यांचा चेहरा हळूहळू असा काही मऊ झाला की लग्नानंतर मी तो तसा कधी बघितला नव्हता.

"पोथी लावलीस व्हय? आन आमाला सांगितलं बी न्हाईस?"

इथं एक सांगायला हवं. आमचे मामंजी होते तोवर दर श्रावणात ते पोथी वाचायचे आणि सगळी आळी ऐकायला यायची. ते गेले आणि वाचणारं कुणी राहिलं नाही. आत्याबाई रोज त्या लाल बासनावर फूल वाहायच्या, पण बासन सुटायचं नाही. एका श्रावणात मला वाचायला बसवलं होतं. समोर बायका येऊन बसल्या आणि माझ्या घशातून नुसती हवा आली. परत कुणी मला म्हटलं नाही.

तेव्हा आता मी तोंड उघडलं. ‘ही पोथी न्हाई’ असं म्हणणार होते. खरंच म्हणणार होते. पण माझ्या तोंडून एक वाक्य बाहेर पडायला जितका वेळ लागतो, तितक्यात आत्याबाई घरात जाऊन वाटीत अक्षता घेऊन आल्यासुद्धा.

"कोकरापुढं कावून वाचतीस? मानसं मेली का? चल घरात. अगं ए थोरले, सतरंजी टाक! धाकटीनं पोथी लावलीय!"

थोरली म्हणजे माझी जाऊबाई. शाळेत एक दिवस गेलेली नाही, पण बोलण्यात कुणाला हार जाणार नाही. त्या सतरंजी झटकत आल्या, माझ्या तोंडाकडं बघितलं, खाकी कव्हरच्या कोपऱ्यातून डोकावणारी हसरीची हनुवटी बघितली, आणि त्यांच्या लक्षात आलं. फोनवर माझ्या खांद्यावरून त्याही बघायच्या ना.

"कुठल्या देवाची पोथी म्हनायची ही?" त्यांनी मोठ्यानं विचारलं आणि पदर तोंडात कोंबला.

"श्रावणात कुठला बी चालतो," आत्याबाई म्हणाल्या. "बस खाली."

शेजारच्या मोठी माय काठी टेकत आल्या. त्या आळीत सगळ्यांत म्हाताऱ्या, आणि पोथी म्हटलं की हजर. त्यांच्यामागून आणखी चार बायका आल्या. आत्याबाईंनी पुस्तकाला हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या, आणि आमच्या ताईला हात जोडले. जाऊबाईंचे खांदे हलत होते. मी पुस्तक तोंडापुढं इतकं जवळ धरलं की मला बायका दिसेनात. आणि वाचलं.

प्रत्येक भागाची सुरुवात त्याच ओळीनं होती, काय गं बायांनो. ती ओळ मी गाळली. तिच्या खालचं वाचलं. ताईचा जन्म उसाच्या फडात झाला होता. आई ऊस तोडत होती, कळा सुरू झाल्या, आणि बैलगाडीखाली पाचटावर ताई जन्मली.

"गाडीखाली," मोठी माय म्हणाल्या आणि हात जोडले. "देवमानसं आशीच जल्मतात. महालात कोन जल्मलंय?"

"खरं हाय," दुसरी म्हणाली. "माझा थोरला बी गाडीखालीच झाला. पर तो देवमानूस न्हाई निघाला."

"तो निघाला गुटक्यावाला," जाऊबाई म्हणाल्या.

"गप! पोथी चालूय!"

पुढच्या पानावर बैलानं ताईचं दुपटं खाल्लं होतं. सगळ्यांनी हात जोडले. आणि मी अडखळत, थुंकी गिळत वाचत होते, पण वाचत होते! घशातून आवाज येत होता. मला तेव्हा कळलं की दुसऱ्याचे शब्द बोलायला मला लाज वाटत नाही. ते शब्द ताईचे होते, मी नुसती त्यांना वाट करून देत होते.

मग रोज दुपारी पोथी बसायला लागली. आणि काय सांगू, माझी काय बडदास्त! पोथी वाचणारी पाटावर बसते आणि ऐकणारे खाली, ही रीत. म्हणजे मी पाटावर आणि आत्याबाई सतरंजीवर. पोथी वाचणारीला मध्ये हाक मारायची नाही. पोथी वाचणारीला आधी पाणी. पहिल्या दिवशी आत्याबाईंनी स्वतः तांब्या आणून ठेवला तेव्हा मला इतकं हसू यायला लागलं की मी पाण्याचा घोट तोंडात धरून बसले. एरवी मला ‘ए’ म्हणणाऱ्या बाई म्हणत होत्या, "वाच बाई, दमानं वाच." पहाटे उठून मी दुपारचा भाग कोकरांपुढं दोनदा वाचून ठेवायचे, म्हणजे बायकांपुढं अडखळायला नको.

पोथी फार रंगली. ताईचं पाण्याच्या नळावर बादलीवरून भांडण झालं तेव्हा आळीत दोन गट पडले. ताईच्या लग्नात वरात रस्ता चुकून दुसऱ्याच मांडवात गेली आणि जेवून आली, तेव्हा मोठी माय म्हणाल्या, "परीक्षा बघतो देव." आत्याबाई तर दूध काढायची वेळ मागं ढकलायला लागल्या. शेळी ओरडायची आणि त्या म्हणायच्या, "थांब गं, तिची सासू काय म्हनली तेवडं ऐकू दे."

पण पुढं धोका होता, आणि तो फक्त मला आणि जाऊबाईंना माहीत होता. पुढची पानं चाळताना मला दिसलं होतं, सहाव्या भागात फोन येणार होता. पोथीत फोन कसा येईल? आदल्या संध्याकाळी आम्ही दोघी चुलीपुढं डोकं लावून बसलो.

"सहावा भागच गाळ," जाऊबाई म्हणाल्या.

"आन मग ती व्हिडिओ कशी करनार?"

"मग फोन म्हनू नकू. पेटी म्हन."

दुसऱ्या दिवशी मी तसंच वाचलं. ताईच्या भावानं तिला एक लहानशी पेटी आणून दिली. ताईनं ती पेटी ज्वारीच्या डब्यावर उभी केली, तिच्यापुढं बसून मनातलं बोलली. मध्येच कोंबडीनं पेटीला लाथ मारली आणि पेटी उताणी पडली, तरी ताई बोलतच राहिली. आणि तिचं बोलणं गावोगावच्या बायकांनी आपापल्या घरात बसून ऐकलं.

मी पुस्तकावरून हळूच बघितलं. मोठी मायच्या डोळ्यांत पाणी होतं.

"चमत्कार," त्या म्हणाल्या.

"आपापल्या घरात बसून?" आत्याबाईंनी विचारलं.

"व्हय," मी म्हणाले.

"आन कोंबडी?"

"कोंबडीला काय झालं न्हाई."

"ती बी पुण्यवान," आत्याबाई म्हणाल्या आणि सगळ्यांनी अक्षता टाकल्या. जाऊबाई उठून घरामागं गेल्या. त्या तिकडं जमिनीवर बसून हसत होत्या असं मला नंतर कळलं.

हे असं चांगलं चालल्यामुळंच घोटाळा झाला. चमत्काराच्या दुसऱ्या दिवशी मी पाटावर बसले ती हवेतच होते. आता बोट ठेवावं लागत नव्हतं. ओळी आपोआप जिभेवर येत होत्या, अगदी ताईच्या चालीत. मी पुढचा भाग उघडला, पदर खोचला, समोर बघितलं आणि म्हणाले, "काय गं बायांनो, भूक लागली का?"

अक्षता टाकायला उचललेला आत्याबाईंचा हात तिथंच थांबला.

मी पुस्तक तोंडावर घेतलं. उशीर झाला होता.

"ही," आत्याबाई हळू म्हणाल्या, "ती हसरी?"

माझ्या घशातून हवा आली. जाऊबाईंकडं बघितलं तर त्या सतरंजीच्या दशा विणत होत्या.

"मी हळदकुंकू लावलं हिला? नमस्कार केला? त्या दातवालीला?"

"आत्याबाई, मी सांगनार व्हते..."

त्यांनी माझ्या हातातलं पुस्तक घेतलं आणि चुलीकडं गेल्या. चूल पेटलेलीच होती, चहाला. मी पाटावरून उठले. मला फक्त एवढंच दिसत होतं की अजून कितीतरी पानं राहिली आहेत आणि हेही पुस्तक अर्ध्यावर जाणार, चौथीच्या पुस्तकासारखं.

तेवढ्यात मोठी मायनी काठी आपटली.

"अगं, काय करतीस? अर्धी पोथी!"

"ही पोथी न्हाई, माय!"

"हळदकुंकू कुनी लावलं? अक्षता कुनी टाकल्या? मांडली म्हंजी मांडली. अर्धी पोथी मोडली की घरावर बालंट येतंय, हे कुनी सांगितलंतं आमाला? आन अर्ध्या पोथीवरनं उठलेल्या त्या सावकारनीची म्हैस कशी आटली, ही गोष्ट दर साली कोन सांगतंय?"

दर साली आत्याबाईच सांगायच्या. म्हशीचा पान्हा कसा गेला ते हातवारे करून सांगायच्या.

त्या चुलीपाशी उभ्या राहिल्या. बाहेर नेमकी आमची शेळी ओरडली. आत्याबाईंनी शेळीच्या दिशेनं बघितलं. मग पुस्तकाकडं बघितलं. मग येऊन ते माझ्या मांडीवर ठेवलं.

"पुरी कर," त्या म्हणाल्या. "मी ऐकनार न्हाई. पर अर्धी ठिवायची न्हाई. पुरी कर आन मंग बघते तुझ्याकडं."

दुसऱ्या दिवसापासून त्या आमच्याकडं पाठ आणि भिंतीकडं तोंड करून बसायला लागल्या. मांडीवर सूप, सुपात तांदूळ, खडे निवडायचं चाललेलं. बाकीच्या बायकांना आता सगळं कळलं होतं आणि त्या आधीपेक्षा जास्त आल्या. पेटीचा परत फोन झाला. मी भूक लागली का म्हणायचं तेवढं मात्र गाळत होते, आत्याबाईंच्या पाठीकडं बघितलं की ती ओळ गिळली जायची.

"जरा मोठ्यानं वाच गं," पहिल्याच दिवशी जाऊबाई म्हणाल्या, "भिंतीला ऐकू येईना."

भिंतीकडं सुपातले तांदूळ तेवढे वाजले. पण थोड्या वेळानं एक बाई खोकली तेव्हा भिंतीकडून आवाज आला, "खोकायचं आसंल तं भाईर जा. लोकांचं ध्यान मोडतं."

मग आला ताईच्या सासूचा भाग. ताईची सासू फोनवर टोपलं झाकून ठेवायची, म्हणायची याच्यातून लोक आपल्या चुलीत बघतात. पण एक दिवस ती स्वतःच टोपलं काढून फोनपुढं येऊन बसली, पदर सारखा केला आणि सगळ्या जगाला म्हणाली, "हिच्या भाजीचं कवतिक करू नका, हिच्या भाजीत मीठच नसतंय. ही पाठमोरी झाली की मी रोज वरून टाकते." आणि ताईनं लिहिलं होतं की माझी भाजी आवडते म्हणून इतक्या बायका मला बघतात, आणि ती चव मुळात सासूची निघाली.

मी वाचायची थांबले, कारण भिंतीकडं काहीतरी चाललं होतं. आत्याबाईंचे खांदे हलत होते. आवाज नाही, नुसते खांदे. सुपातले तांदूळ थरथरत होते. मला वाटलं रडतात की काय. जाऊबाईंनी मला कोपरानं ढोसलं. आणि मग कुणी मांडणीवरची भांडी पाडावीत तसा आवाज आला, अख्खं घर भरून गेलं, सूप कलंडलं आणि तांदूळ सतरंजीभर झाले.

आम्ही सगळ्या तोंड उघडून बघत राहिलो.

"काय झालं, आत्याबाई?" जाऊबाईंनी विचारलं.

"तांदळाची धूळ," आत्याबाई भिंतीला म्हणाल्या. "घशात गेली. वाच तू."

त्या दिवशी संध्याकाळी मी आमटीची चव बघितली. मग आत्याबाईंकडं बघितलं. त्या लगेच म्हणाल्या, "मी न्हाई टाकत गं बया!" पण मला खात्री नाही.

पुस्तक संपायचा दिवस आला. पोथी संपली की पुरणाचा नैवेद्य करायचा ही रीत, आणि आत्याबाई म्हणाल्या रीत ती रीत, हसरीची का असेना. सकाळपासून पुरण शिजत होतं. पोथी पुरी झाल्याशिवाय कुणी जेवायचं नाही, म्हणून सगळ्या बायका उपाशी, आणि घरभर वेलदोड्याचा वास. शेवटचा भाग मी पहाटे मुद्दाम वाचून ठेवला नव्हता, तो आता सगळ्यांपुढंच वाचला. ताईनं त्यात फार काही लिहिलं नव्हतं. एवढंच की रोज चुलीपुढं बोलताना तिला वाटतं कुठंतरी एक बाई ऐकत असेल, जी काही बोलत नाही, आणि ती तिच्यासाठी बोलते.

ती ओळ मी दोनदा वाचली. मग मी पान उलटलं. पुढं कोरं पान. मी पुस्तक मिटलं. मला ओरडावंसं वाटत होतं. मी पुस्तक वाचलं! सगळं!

पण बायका उठेनात. हात जोडून बसून राहिल्या.

"फळ वाच की," मोठी माय म्हणाल्या.

"फळ?"

"पोथी वाचल्यानं काय मिळतं ते! शेवटी आस्तंय ना ते. त्याबिगर पुरी झाली म्हनायची कशी?"

मी परत पुस्तक उघडलं. कोरं पान उलटलं. त्यानंतर कव्हर. ताईनं फळ लिहिलंच नव्हतं. पोथीच्या शेवटी देव सांगतो, जो वाचील त्याला हे, जो ऐकील त्याला ते. तिला काय माहीत की तिच्या पुस्तकाला कुणी अक्षता टाकणार आहे. बायका माझ्याकडं बघत होत्या. पुस्तक तोंडापुढं धरून काही उपयोग नव्हता, त्यावर काही नव्हतंच. आता बोलायचं तर माझेच शब्द.

घशात हवा आली. मी तांब्यातलं पाणी प्याले. भिंतीकडची पाठ अगदी ताठ होती, खडे निवडणं थांबलं होतं.

"जी बाई ही पोथी वाचील," मी म्हणाले, आणि आवाज आला, "तिची भाकर टम्म फुगंल."

"फुगंल," मोठी माय म्हणाल्या आणि हात जोडले.

"जी ऐकील, तिची शेळी परातीत तोंड घालनार न्हाई."

"न्हाई घालनार!" आता दोघीतिघी म्हणाल्या.

"जी हसंल, तिचे दात कुनी मोजनार न्हाई. जी मदीच उठून घरामागं हसत बसली, तिला एसटीत जावंचं तिकीट काढावं लागनार न्हाई, कारन जाऊ आता सोताच तिकीट मागनार हाय."

"आगं बाई!" जाऊबाई ओरडल्या. "बघा गं, तोंड फुटलं हिला!"

मला थांबताच येईना. छातीत कोकरं उड्या मारत होती. "जी सून मीठ कमी टाकंल तिला गुनाची सासू मिळंल. आन जी भिंतीकडं तोंड करून ऐकील..."

इथं मी थांबले. पुरणाच्या पातेल्यावरचं झाकण तेवढं वाजत होतं.

"...तिला बी निम्मं फळ मिळंल."

पाठ हलली नाही. मी मनात म्हटलं, गेलं, आता बालंट आलं. मग आत्याबाई सूप बाजूला ठेवून सबंध वळल्या, पोथी मोडायला निघाल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा माझ्याकडं तोंड करून बसल्या, आणि म्हणाल्या, "निम्मंच कावून?"

कुणाला हसू आवरेना. आत्याबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी वाटीतल्या अक्षता मुठीत घेतल्या.

"आमी काय कमी ऐकलं का? निम्मं फळ म्हनं. मंग लाव परत पयल्यापासून. इकडं तोंड करून ऐकते. आन ते काय तू सारखी गिळून टाकतीस, ते बी वाच. मला काय कळत न्हाई व्हय?"

मी पहिलं पान उघडलं. पदर खोचला. पुस्तक खाली मांडीवर ठेवलं, सगळ्यांकडं बघितलं, आणि माझ्याच आवाजात विचारलं, "काय गं बायांनो, भूक लागली का?"

"लागली!" सगळ्या एकदम ओरडल्या, आणि सगळ्यांत मोठा आवाज आत्याबाईंचा होता. "आधी पोळ्या वाढ, मंग वाच."